पाचवीच्या मुलांची गणिताची उजळणी: सुरुवात कुठून करायची?

रानजाई (धागाकर्ती)

सुट्टी लागली की ओळखीतल्या पालकांचा एकच प्रश्न येतो: "पाचवीला जाणार आहे, गणित कच्चं आहे, कुठलं पुस्तक घेऊ?" जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं चौथी-पाचवीला शिकवते आहे. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. नेमकं काय कच्चं आहे हे कळल्याशिवाय कुठल्याच पुस्तकाचा उपयोग नाही. बहुतेक घरांत उजळणी म्हणजे मागच्या इयत्तेचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सोडवणं. जे येतं तेच मूल पुन्हा करतं, जिथे अडतं तिथेच पुन्हा अडतं, आणि तोवर जून उजाडतो.

माझं म्हणणं असं आहे की उजळणी मुलाच्या चुकीपासून सुरू करावी. चुकलेल्या उत्तरावर फुली मारून पुढे जाऊ नका, ते उत्तर नीट वाचा. मुलं सहसा वाटेल ते लिहीत नाहीत. त्यांनी मनाशी एक नियम धरलेला असतो आणि तो इमानेइतबारे पाळूनच ती चुकतात.

एकच उदाहरण घेऊ. ४००२ − १५६७. बरोबर उत्तर २४३५. वर्गात याची दोन चुकीची उत्तरं हमखास मिळतात. एक ३५६५. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ७ मधून २, ६ मधून ०, ५ मधून ०, ४ मधून १. वर कोण, खाली कोण, हे त्याच्या लेखी महत्त्वाचं नाही. दुसरं उत्तर २५४५. या मुलीला सुटं करायचं असतं हे माहीत आहे. तिने हजारातला एक घेतला, ४ चे ३ केले, पण मधल्या दोन्ही शून्यांचे तिने १० केले. शतकातून दशकाकडे आणि दशकातून एककाकडे एकेक गेल्यावर तिथे ९ उरतात, हे तिच्या हातून निसटलं. आता या दोघांना आपण काय करतो? "वजाबाकी चुकते" म्हणून दोघांनाही वजाबाकीची वीस-वीस गणितं घालतो. पहिल्याला दोन अंकी संख्येपर्यंत मागे न्यायला हवं, ५२ − १७ पासून, हातात काड्यांचे गठ्ठे देऊन. दुसरीला फक्त शून्यापाशी थांबायचं आहे. ३००, ५०४, ७००० अशा संख्या घेऊन एक-दोन दिवसांत तिचं काम होतं.

दुसरी तपासणी संख्या लिहिण्याची. "चाळीस हजार सात" सांगा आणि काय लिहितात ते बघा. ४०७, ४००७, ४००००७ हे सगळं मिळतं. ज्याला ४०००७ लिहिता येत नाही त्याला पुढे दशांश चिन्हाच्या उजवीकडे काय चाललंय ते समजणार नाही, कारण नियम तोच आहे, फक्त दुसऱ्या बाजूला चालतो.

तिसरी गुणाकाराची. ३७ × २४ चं उत्तर २२२ आलं, तर १४८ आणि ७४ एकाखाली एक, घर न सरकवता मांडले गेलेत. पाढे त्याला येतात. त्या २ चे २० आहेत हे माहीत नाही. इथे अंदाजाची सवय फार कामी येते. ३७ म्हणजे जवळपास ४०, २४ म्हणजे २० च्या पुढे, उत्तर ८०० च्या आसपास हवं. असा अंदाज बांधायची सवय असलेलं मूल २२२ लिहून वही मिटत नाही.

आणि भागाकार. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण ३१ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. आकडा वाचून लोक भागाकाराच्या मागे लागतात. पण भागाकारात स्थानिक किंमत लागते, पाढे लागतात, वजाबाकी लागते, आणि तिन्ही एकाच वेळी लागतात. तिथे मूल अडलं तर दुखणं बहुधा यांपैकी एकात असतं. त्याच अहवालात तिसरीच्या मुलांची वजाबाकी बघा, तीही जेमतेम एक तृतीयांश मुलांना येते. तीच मुलं दोन वर्षांनी पाचवीत येणार आहेत.

आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणं पुन्हा गरजेचं झालंय, त्यामुळे पालकांना धास्ती असते, ती मी समजू शकते. तुमच्या घरी, वर्गात काय दिसतं ते लिहा. शक्य असेल तर मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं द्या.

सोनचाफा

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझा मुलगा चौथीतून पाचवीत चाललाय. उभी मांडणी करून दिली की चारही क्रिया करतो. पण शाब्दिक उदाहरण आलं की वाचायच्या आधीच विचारतो, "आई, अधिक करू की वजा?" यात कुठली चूक वाचायची? मराठी वाचन उत्तम आहे त्याचं, गोष्टीची पुस्तकं संपवतो.

रानजाई

सोनचाफा, त्याला हे उदाहरण द्या: "मीनाकडे ४२ बोरं आहेत. तिच्याकडे रवीपेक्षा १५ बोरं जास्त आहेत. तर रवीकडे किती?" बहुतेक मुलं ५७ लिहितात. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं की गुणाकार, असं कुणीतरी त्यांना शिकवलेलं असतं, बरेचदा आम्ही शिक्षकच. शब्दावर बोट ठेवून क्रिया ठरवायची सवय तिसरीपर्यंत निभावते, पाचवीत मात्र फसवते.

दोन गोष्टी करून बघा. संख्या झाकून फक्त गोष्ट सांगा: मीनाकडे जास्त आहेत, मग रवीकडे कमी की अधिक? त्याने आधी हे तोंडी सांगावं. मग दोन पट्ट्या काढायला लावा, एक मीनाची लांब, एक रवीची आखूड, आणि फरकाच्या तुकड्यावर १५ लिहू द्या. चित्र काढल्यावर त्याला विचारावंच लागणार नाही. दुसरं म्हणजे उलट काम द्या. "४२ − १५" एवढंच लिहून द्या आणि त्यावरून त्याला तीन वेगवेगळी उदाहरणं बनवू द्या. ज्याला उदाहरण रचता येतं त्याला ते सोडवताही येतं, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

कृष्णाकाठ

चर्चा चांगली चालली आहे, पण पाढ्यांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा वगैरेंचे पाढे. रोज संध्याकाळी परवचा. आज माझी नात सहावीत आहे, आठ सत्ते विचारलं तर 'आठ एके आठ'पासून सुरू करते. बोटं मोजत भागाकार करायचा म्हटल्यावर तो येणार कसा? समजून घेणं वगैरे ठीक, पण आधी तोंडपाठ हवं.

खडूफळा

काका, आदर ठेवून असहमत. माझ्या भावाला लहानपणी पाढे न आल्याने रोज मार बसायचा. त्याला गणिताची जी भीती बसली ती अजून आहे. आता फोनमध्ये हिशोब होतात. पाऊणकी कुणाला लागते?

रानजाई

मार आणि पाढे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या वेगळ्याच ठेवू. मार नकोच. पाढे हवेत, याबाबत मी काकांच्या बाजूने आहे. ८ × ७ साठी जो मुलगा थांबतो, त्याला भागाकाराच्या चौथ्या पायरीवर आपण कुठे होतो हेच आठवत नाही.

पण काका, नात 'आठ एके'पासून सुरू करते, कारण पाढा तिला क्रमाने पाठ आहे. तो मधूनच काढता आला पाहिजे. त्यासाठी २ ते १० चे पाढे पक्के करायचे, उलटसुलट विचारायचे, आणि विसरलं तर जवळच्या माहीत असलेल्या उत्तरावरून काढायला शिकवायचं. सात आठे आठवत नाही? सात पाचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. असं काढलेलं उत्तर चार दिवसांत आपोआप पाठ होतं. तीसपर्यंतचा आग्रह मी धरत नाही. १२, १५ आणि २५ मात्र आवर्जून करून घेते, व्यवहारात सतत लागतात.

पावकी-निमकी पाठ करून घ्यायला मी सांगणार नाही, पण तिच्यामागची समज सोडून देऊ नये असं मला फार वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक मूल शाळेत यायच्या आधीपासून ऐकत असतं. आणि आपण वर्गात त्याला एकदम ३/४ दाखवतो, जणू ही काही नवीनच वस्तू आहे. १/२ + १/४ चं उत्तर २/६ लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, "अर्धी भाकरी होती, वर पाव भाकरी वाढली, किती झाली?" तिने क्षणात सांगितलं, "पाऊण." मग २/६ भाकरी काढून बघायला लावली. अर्ध्यापेक्षाही कमी! तिचं तिलाच कळलं की अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून चालत नाही. समच्छेद करायची रीत मी त्यानंतर सांगितली, आणि ती तिला हवीशी वाटली.

कृष्णाकाठ

भाकरीचं पटलं. आम्ही बाजारात असंच करायचो. २४ रुपये किलोने सव्वासात किलो कांदे: साती चोवीस एकशे अडुसष्ट, चोवीसची पाव सहा, झाले एकशे चौऱ्याहत्तर. कागद लागायचा नाही. नातीला आता हेच विचारून बघतो, पाठांतर म्हणून नाही, भाजी घेताना.

रानजाई

काका, नक्की करा. आणि सव्वाचं एक लक्षात ठेवा. सव्वादोन वाजले म्हणजे २ वाजून १५ मिनिटं, आणि सव्वादोन किलो म्हणजे २.२५. पाचवीत दशांश अपूर्णांक आणि कालमापन दोन्ही आहेत, आणि मुलं घड्याळातला ठिपका दशांश चिन्हासारखाच वाचतात. एसटी ९:४० ला सुटली, ११:१५ ला पोचली, किती वेळ लागला? "१ तास ७५ मिनिटं" हे उत्तर दरवर्षी येतं. सरळ ११.१५ मधून ९.४० वजा केलेले असतात, घेतलेल्या तासाचे ६० मिनिटांऐवजी १०० धरून. इथे वजाबाकी करूच नये. ९:४० ते १०:०० वीस मिनिटं, दहा ते अकरा एक तास, पुढे पंधरा मिनिटं, असं पुढे मोजत जावं. १ तास ३५ मिनिटं.

समुद्रपार

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे माझ्या मुलीला ३७ × २४ चौकट काढून शिकवलं: ३० आणि ७ वरच्या बाजूला, २० आणि ४ डावीकडे, चार खाने. ६००, १४०, १२०, २८, एकूण ८८८. सुरुवातीला मला हे लांबण वाटलं, पण तुमचा २२२ वाचल्यावर वाटलं की चौकट काढणाऱ्या मुलाकडून ती चूक होणारच नाही. आमच्याकडचा गोंधळ वेगळा आहे. आजी फोनवर लाखात संख्या सांगते आणि मुलगी तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देते. ४,५६,७८९ ती ४५६,७८९ लिहिते आणि 'चार लाख' कुठून आले ते विचारते.

रानजाई

चौकट आमच्याकडेही काढून घेते मी, घर सरकवणं चुकणाऱ्या मुलांकडून. ती चार-पाच दिवस पुरते, मग नेहमीच्या मांडणीवर यावं. स्वल्पविरामाचं सोपं आहे: शेवटचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन. तिच्याकडून एकच संख्या दोन्ही पद्धतींनी लिहून घ्या.

सोनचाफा

संख्यावाचनावरून आठवलं. शेजारची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, पण आजोबा मराठीत सांगतात. त्रेसष्ट म्हटलं की ती ३६ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हा ते अजिबात आवडलं नव्हतं.

भीमथडी

मीही शिक्षक आहे, म्हणून यावर लिहितो. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. मुद्दा साधा होता: आपण आधी एकक बोलतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो. लहान मुलाला ही उलटापालट जड जाते. जुनं वाचनही पुस्तकात होतंच. उजळणीपुरतं बोलायचं तर त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाला "साठ आणि तीन" असं एकदा म्हणायला लावलं की लगेच सुधारतं. एकोणसत्तर, एकोणऐंशी यांवर वेगळा वेळ द्या, तिथे पाचवीतलीही मुलं अडखळतात.

आता माझी अडचण. रानजाई ताई, तुम्ही म्हणता तसं प्रत्येक मुलाची चूक वाचायची, पण वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, शाळा द्विशिक्षकी, शेजारच्या वर्गाकडेही लक्ष. कसं जमवायचं?

पाटीपेन्सिल

मध्येच विचारते, क्षमस्व. मुलीची शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. पहिल्या पेपरात भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न, ९० मिनिटं, त्यातले ५० गणिताचे. सराव संच सोडवून घेतोय, पण गुण हलत नाहीत. वेग कसा वाढवू? त्यातच परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाल्यामुळे धाकट्याची घाई आतापासूनच सुरू झालीय.

भीमथडी

पाटीपेन्सिल, नवीन संच आणणं आठवडाभर थांबवा. सोडवलेला एकच संच घ्या आणि चुकलेल्या प्रश्नांत तिला विचारा, "चारही पर्याय कुठून आले?" उदाहरणार्थ, आयताची लांबी १२ मी, रुंदी ८ मी, परिमिती किती? पर्याय २०, ४८, ४०, ९६. यातला २० म्हणजे दोनच बाजूंची बेरीज. ९६ म्हणजे क्षेत्रफळ. ४८ म्हणजे आयताला चौरस समजून १२ ची चौपट. बरोबर ४०. चांगल्या प्रश्नातले चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरूनच तयार केलेले असतात. ती एकदा हे ओळखू लागली की वेग आपसूक वाढेल. वेळ लावून सोडवणं शेवटच्या महिन्यात.

पाटीपेन्सिल

हे आम्ही कधीच केलं नव्हतं. आजपासून करते.

रानजाई

भीमथडी सर, तुमचा प्रश्न खरा आहे. मी करते ते असं. पहिल्या आठवड्यात सहा गणितांचा एकच कागद, सगळ्यांना सारखा, वेळेचं बंधन नाही, खोडरबर वापरायचा नाही. कागद तपासताना गुण देत नाही, चुकांचे ढीग करते. चाळीस मुलं म्हणजे चाळीस प्रकारच्या चुका असं कधीच होत नाही, पाच-सहाच ढीग पडतात. मग दिवसातला एक तास मुलं इयत्तेनुसार न बसता त्या ढिगानुसार बसतात, दोन्ही वर्ग एकत्र करून. प्रथम संस्थेने पातळीनुसार शिकवण्याचं जे काम केलंय त्याचं मूळही हेच आहे. एका गटाला मी शिकवते, एकाला दुसऱ्या बाई, बाकीचे गणित पेटीतलं साहित्य किंवा खेळातल्या नोटा घेऊन जोडीने काम करतात.

खडूफळा

पण यात 'ढ' मुलांचा गट ठरून जात नाही का? मुलांना बरोबर कळतं कोण कुठे बसलंय ते.

रानजाई

कळतं, आणि गट वर्षभर तोच ठेवला तर फार वाईट परिणाम होतो. म्हणून गट त्या त्या चुकीवरून ठरतो, मुलावरून नाही. शून्याच्या वजाबाकीचा गट, घर सरकवण्याचा गट. चूक सुटली की मूल त्याच दिवशी गट सोडतं, आठवडा संपायची वाट बघत नाही. वर्गात सर्वांत हुशार समजली जाणारी मुलं कालमापनाच्या गटात येऊन बसतात, तेव्हा बाकीच्यांच्या मनातलं ओझं बरंच उतरतं. आणि गटांना पहिला-दुसरा असे क्रमांक कधीही देऊ नयेत. या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

सोनचाफा

ताई, बोरांचं उदाहरण जमलं, पट्ट्या काढल्यावर स्वतःहून २७ म्हणाला. मग उत्साहात भागाकार दिला. ८२४ ÷ ८ चं उत्तर त्याने १३ लिहिलंय. बाकी शून्य, पडताळा केला नाही. उद्या काय घेऊ?

रानजाई

वा, हे उत्तर वाचायला सोपं आहे. पाढे आणि वजाबाकी ठीक, मधलं शून्य गाळलंय. उद्या वही उघडूच नका. आठशे चोवीस रुपयांच्या खोट्या नोटा करा: शंभराच्या ८, दहाच्या २, एकाची ४ नाणी. आठ वाट्या मांडा. आधी विचारा, प्रत्येक वाटीत शंभराच्या वर जाईल की नाही? जाईल म्हणाला की १३ चं काय करायचं ते तो स्वतःच ठरवेल. मग वाटप करू द्या. शंभराची एकेक नोट गेली. दहाच्या नोटा दोनच, वाट्या आठ, एकाही वाटीत पडत नाही. इथे थांबा आणि त्यालाच म्हणायला लावा, "दहाची नोट प्रत्येकाला शून्य." हे म्हटल्यावर कागदावर १ च्या शेजारी ० लिहायला सांगा. मग दोन्ही नोटा मोडून सुटे २४, प्रत्येकाला ३.

परवा ६१२ ÷ ६, ५३५ ÷ ५, ९२७ ÷ ९ वहीत घ्या, नोटा बाजूला ठेवून. मध्ये ९४८ ÷ ४ नक्की घाला, नाहीतर प्रत्येक उत्तरात शून्य येतंच असा नवा नियम तो मनाशी धरेल. आणि प्रत्येक गणिताखाली गुणून पडताळा त्यानेच करायचा, तुम्ही नाही.